साडेदहा मिलिमीटर

परचेसला आहे असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास दोन गोष्टी करतो. आधी विचारतो की एसी कुठे स्वस्तात मिळेल, नाहीतर टाइल्स, नाहीतर भावाच्या बंगल्याचं स्टील, "तुमच्या ओळखी असतीलच की". आणि मग काही न बोलता जरा वेळ नुसता बघतो. त्या बघण्याचा अर्थ मला २१ वर्षांत पाठ झालाय. माझं लग्न जमवत होते तेव्हा एका स्थळाकडच्या काकूंनी तर आईला सरळच विचारलं होतं, पगार कळला हो, पण परचेस म्हणजे वरचं पण काहीतरी असेलच ना? आईला राग यायच्या आधी हसूच आलं, कारण तेव्हा मी चाकणला एका कंपनीत बेअरिंगची शेड्यूल्स पाठवत बसायचे आणि वरचं म्हणजे दिवाळीला आलेला काजूकतलीचा डबा, तोसुद्धा नियमाप्रमाणे एचआरला नेऊन द्यायचा आणि मग त्यांनी लकी ड्रॉ काढून सगळ्यांना वाटायचा. मला एका वर्षी त्यात स्टीलचा टिफिन लागला. अजून वापरते.

आता कार्डावर मॅनेजर-प्रोक्युरमेंट असं छापलंय, पण ऑफिसात, साईटवर, घरी सगळीकडे परचेसच. कंपनी पुण्यातली, मध्यम साइजची. साखर कारखान्यांना को-जन (म्हणजे उसाच्या चिपाडावर वीज), डिस्टिलरी, बॉयलिंग हाऊसचं एक्स्पान्शन असलं सगळं डिझाइनपासून चालू करून देईपर्यंत करतो. नाव लिहीत नाही, कारण पुढे आमच्याबद्दल बरंवाईट येणार आहे, त्यातलं वाईट बरंचसं माझ्या स्वतःबद्दल.

चाकणच्या त्या नोकरीत आणि हिच्यात काय फरक आहे हे मला इथे येऊन वर्षभर कळलंच नव्हतं. तिथे तोच बेअरिंग दर महिन्याला ४ हजार नग, तोच सप्लायर, वर्षाचा रेट ठरलेला, या महिन्यात काही चुकलं तर पुढच्या महिन्याच्या लॉटला दुरुस्त. खरेदी म्हणजे रोजचा भाजीपाला. आणि इथे? इथे सगळं एकदाच. एक टर्बाइन, एक अल्टरनेटर, एक कूलिंग टॉवर, अमुक मीटर पाइप, आणि पुढच्या कारखान्याला त्यातलं काहीच तसंच्या तसं लागत नाही. लग्नाच्या बस्त्यासारखं. मुहूर्त ठरलेला, माणसं ठरलेली, शालू पसंत नाही म्हणून पुढच्या महिन्यात बदलू असं म्हणायची सोय नाही.

मुहूर्तावरून सांगते, कारण साखरेच्या धंद्यात तो शब्दशः मुहूर्त असतो. गाळप कधी सुरू करायचं ते मुंबईत मंत्री समिती ठरवते, साखर आयुक्तालयाकडून परवाना निघतो, दसऱ्याच्या आसपास बॉयलर अग्निप्रदीपन होतं, मग गव्हाणीत, म्हणजे ऊस आत नेणाऱ्या पट्ट्यावर, उसाची पहिली मोळी टाकतात. आमच्या लोकांना प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या भाषेत बोलायची सवय, माईलस्टोन वगैरे, पण कारखान्याचे चीफ इंजिनिअर साहेब फोनवर एवढंच म्हणतात, "मॅडम, मोळीची तारीख ठरली बरं का." संपलं. कारण तिकडे ऊस शेतात उभा असतो, बीडकडच्या टोळ्यांनी उचल घेतलेली असते, ट्रॅक्टर ठरलेले असतात. करारात उशीर झाला तर आठवड्याला अर्धा टक्का एलडी, म्हणजे उशिराचा दंड, जास्तीत जास्त ५ टक्के असं लिहिलेलं असतं आणि आमचे मॅनेजमेंटवाले त्या ५ टक्क्यांचं टेन्शन घेतात. पण हंगाम हुकला तर तो आठवड्याने हुकत नाही, वर्षाने हुकतो, आणि मग त्या तालुक्यात पुढची ऑर्डर मागायला कोणत्या तोंडाने जायचं?

तर या मुहूर्ताच्या मागे मोजत यायचं. मोळीच्या आधी ट्रायल, ट्रायलच्या आधी अलाइनमेंट, त्याआधी टर्बाइन जागेवर, त्याआधी फाउंडेशनचं काँक्रीट पिकलेलं. आणि इथेच एक असं त्रांगडं आहे की ते बाहेरच्या माणसाला सांगितलं तर त्याला मी थापा मारतेय असं वाटतं. सिव्हिलवाल्यांना फाउंडेशन घालायचंय, त्याच्या ड्रॉइंगला मशीनचं वजन, बोल्टांची अंतरं, हादऱ्यांचे लोड लागतात. ते टर्बाइनवाला देणार. तो कधी देणार, तर पीओ (खरेदीची ऑर्डर) आणि ॲडव्हान्स हातात पडल्यावर ४ आठवड्यांनी. पीओ मी कधी काढणार, तर डिझाइनने डेटाशीट फायनल केल्यावर. डिझाइन फायनल कधी करणार, तर कारखान्याची सही आल्यावर. कारखाना म्हणतो आधी लेआउट दाखवा. आणि लेआउट काढायला पुन्हा मशीनचं माप लागतं. वेड्याचं लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तसं.

इथले माझे पहिले बॉस, आता रिटायर होऊन कोकणात कलमं लावतात, ते म्हणायचे, अगं आपण आधी कागद विकत घेतो, मशीन नंतर. मला तेव्हा वाटलं म्हातारा टाकतोय काहीतरी. पण खरंच तसं आहे. टर्बाइन यायला १० महिने लागले तरी चालतं, ते तसं धरलेलंच असतं. त्याचं जीए ड्रॉइंग, म्हणजे मशीनच्या मापांचा नकाशा, १० दिवस उशिरा आलं तर साईटवर ६० माणसं रिकामी बसतात. मग कुठेतरी कोणीतरी डोळे मिटून उडी मारायची असते. अर्धवट डेटाशीटवर लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे ऑर्डर तुम्हालाच असं पत्र, द्यायचं, जे ठरलंय ते लिहायचं आणि जे ठरलेलं नाही तिथे काहीतरी गोलमाल शब्द टाकायचा, नंतर बघू म्हणून. ती उडी परचेसने मारायची. डिझाइनवाले मारत नाहीत कारण त्यांची सही ड्रॉइंगवर असते, प्रोजेक्टवाले मारत नाहीत कारण ते साईटवर असतात. मी असल्या उड्या पुष्कळ मारल्यात, बऱ्याच नीट पडल्या. एका उडीचं पुढे सांगते.

भावाचं आधी सांगून टाकते, कारण लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे भाव पाडणं. पाडतो की. पण कशाच्या खाली पाडायचा? तर सेल्सवाल्याने टेंडर भरताना जे एस्टिमेट केलं होतं त्याच्या खाली. ते एस्टिमेट म्हणजे ऑर्डर यायच्या ८-१० महिने आधीचा आकडा, त्यात शेवटच्या मीटिंगला चेअरमन साहेबांसमोर ३ टक्के कमी केलेले, आणि क्लायंटला किंमत फर्म, म्हणजे वर एक रुपया मिळणार नाही. २०२० च्या पावसाळ्यात हॉट रोल्ड स्टील टनाला ४० हजारांच्या आत मिळत होतं, वर्षभरात ते ७० हजारांच्या घरात गेलं. प्लेटचं वजन काढायचा आमचा एक तोंडपाठ हिशोब आहे, लांबी गुणिले रुंदी मीटरमध्ये, गुणिले जाडी मिलिमीटरमध्ये, गुणिले ७.८५. म्हणजे ६ बाय दीड मीटरची १० एमएम प्लेट ७०६ किलो. त्या वर्षी मी रात्री झोपेत प्लेटा मोजायचे. प्रत्येक प्लेटमागे वीसेक हजार जास्त, आणि प्लेटा शेकड्यांनी. ते बघून शहाण्या लोकांनी पुढच्या वर्षी आधीच माल भरून ठेवला, तर मे २०२२ मध्ये सरकारने स्टीलच्या निर्यातीवर १५ टक्के ड्युटी लावली आणि भाव खाली आले, मग भरलेला माल घशात. ड्युटी नोव्हेंबरात काढून पण टाकली. या सगळ्यात माझं कौशल्य किती आणि नशीब किती हे मला कोणी विचारलं नाही, मी पण कोणाला सांगितलं नाही. अप्रेझलला सेव्हिंग दाखवलं ते दाखवलं.

एल-वनचं पण तसंच. सगळ्यात कमी भाव ज्याचा त्याला ऑर्डर, ऑडिटवाले खूश. एकदा स्टीम लाइनचे व्हॉल्व्ह असेच एल-वनला दिले, दीड-पावणेदोन लाख वाचले म्हणून मला मीटिंगमध्ये वेल डन पण मिळालं. स्टीमच्या व्हॉल्व्हला आयबीआरचं, म्हणजे बॉयलरच्या नियमांचं, सर्टिफिकेट लागतं, फॉर्म थ्री-सी, आणि व्हॉल्व्हच्या बॉडीवर जो हीट नंबर (धातूच्या त्या घाणीचा नंबर) ओतलेला असतो तोच त्या कागदावर पाहिजे. बॉयलर इन्स्पेक्टर व्हॉल्व्हकडे नंतर बघतो, कागदाकडे आधी. आमच्या एका व्हॉल्व्हच्या कागदावर शेवटचा आकडा ८ होता. साईटच्या स्टोअरमध्ये त्या व्हॉल्व्हला रंगाचे दोन हात बसलेले, स्टोअरच्या पोराने रॉकेलच्या फडक्याने पुसला, मग वायर ब्रशने घासला, मग मी मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघितलं तर ३. मी म्हटलं ८ असेल, ओतकामात डावी बाजू भरली नसेल. पोरगं म्हणालं मॅडम, बोट फिरवून बघा. बोट फिरवलं. तीनच होता. पुढचे १२ दिवस त्या एका आकड्यापायी गेले, आणि वाचवलेले पावणेदोन लाख कुठे गेले ते काही मीटिंगमध्ये आलं नाही. बॉयलरचा कायदा १९२३ चा होता, २०२५ मध्ये नवीन आला, कागद मात्र होते तेवढेच आहेत. असावेत पण. वाफ ती वाफच.

छोट्या गोष्टींनी अडतं, हे मला सगळ्यात उशिरा कळलं. टर्बाइनला, बॉयलरला सगळे जपतात, दर सोमवारी त्यांचा रिव्ह्यू असतो. अडतं ते गास्केटला, ८०० रुपयांच्या. माझा एक जुना सहकारी मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला इतक्या वेळा नट-बोल्ट आणायला गेलाय की तिथल्या चहावाल्याकडे त्याचं खातं आहे. नागदेवीला नसलं तर जगात नाही असं आम्ही म्हणतो. फक्त नागदेवी दिवाळीत बंद असते.

आता भोसरीचे काका.

काकांचं एमआयडीसीत एक शेड आहे, दोन लेथ, एक रेडियल ड्रिल, रोलिंग मशीन, आणि आठ-नऊ माणसं. टाकीचे सपोर्ट, डक्ट, प्लॅटफॉर्म, छोटे स्पूल असलं फॅब्रिकेशन करतात. मी या कंपनीत आले तेव्हापासून आमचे व्हेंडर. मला ताई म्हणतात, माझ्यापेक्षा वयाने चांगले वीस वर्षांनी मोठे असून. भाव करताना फार ताणत नाहीत, मी ताणलं की चष्मा काढून पुसतात आणि म्हणतात, बरं, तुमचं राहू द्या. मला त्या चष्मा पुसण्याची इतकी सवय झाली होती की मी कोटेशन बघतानाच त्यातून ४ टक्के मनात वजा करायचे.

७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने आदेश काढला की या वर्षी उसाच्या रसापासून, सिरपपासून इथेनॉल करायचं नाही. आठवड्याभराने जरा सैल केला, १७ लाख टन साखरेएवढीच वळवा असं. पण तेवढ्यात आमच्या एका डिस्टिलरीच्या क्लायंटचं पत्र आलंच, काम होल्ड. होल्ड हा शब्द फार वाईट. कॅन्सल म्हटलं की निदान भांडता येतं, हिशोब होतो. होल्ड म्हणजे मालही नाही, पैसेही नाहीत, नाहीही नाही. मी त्या दोन दिवसांत २२ व्हेंडरना फोन केले. मोठ्यांनी चार्जेस लावू म्हणून मेल टाकले. काकांचे टाकीचे सपोर्ट तयार होते, रंग मारून, नुसते उचलायचे. ४ लाख ६० हजारांची ऑर्डर, ॲडव्हान्स काही नाही कारण मीच बिनॲडव्हान्सची बसवली होती. काका म्हणाले, "ताई, ठेवतो मी. पण जरा बघा."

मी बघते म्हटलं.

पुढच्या मार्चमध्ये आमच्या अकाउंट्समध्ये अचानक धावपळ सुरू झाली. इन्कम टॅक्सचं ते नवीन ४३बी(एच) कलम, सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत, करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाहीत आणि वर्षअखेरीलाही बाकीच राहिले तर त्या वर्षी तो खर्च धरणार नाहीत. ४५ दिवसांचा नियम तसा एमएसएमईच्या कायद्यात २००६ पासून आहे, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ. पण एवढ्या वर्षांत एकाही छोट्या व्हेंडरने आमच्याकडे ते व्याज मागितलेलं मी पाहिलं नाही, मागितलं तर पुढची ऑर्डर कुठली? आता मात्र स्वतःचा टॅक्स वाढणार म्हटल्यावर अकाउंट्सवाले माझ्याकडे उद्यम सर्टिफिकेटच्या याद्या मागायला लागले आणि ३१ मार्चच्या आत भराभर पेमेंटं सुटली. मी काकांचं नाव यादीत घातलं. परत आलं. का, तर बिलच नाही. माल आम्ही उचललेलाच नाही म्हणून बिल नाही, बिल नाही म्हणून ४५ दिवस मोजायचे कुठून? कायद्याच्या दृष्टीने आम्ही काकांचे एक रुपयाही देणं लागत नव्हतो. हे मला अकाउंट्सच्या पोराने इतकं स्वच्छ समजावून सांगितलं की माझ्याकडे बोलायला काही राहिलंच नाही.

त्यानंतर मी काकांचे फोन टाळायला लागले. सरळ सांगते, ११ दिवस टाळले. मीटिंगमध्ये आहे असा मेसेज टाकायचा. ते तरी काय, रोज एकदाच करायचे, सकाळी साडेदहाला, आणि ६-७ तारखेच्या आसपास, म्हणजे पगाराचं असणार हे मला कळत होतं. बाराव्या दिवशी उचलला तर म्हणाले, "काही नाही ताई, आवाज नव्हता ऐकला बरेच दिवसांत." मी चांगली सव्वा तास मीटिंग असल्यासारखी दमून बसले होते त्यानंतर.

ऑगस्टअखेरीला इथेनॉलवरची बंदी उठली, पण क्लायंट काही हलेना. माल काकांच्या शेडमागे ताडपत्रीखाली.

आणि मग ती उडी. त्या हंगामाचा आमचा एक को-जनचा प्रोजेक्ट, सोलापूर जिल्ह्यात, टेंभुर्णीच्या पुढे. दिवाळी १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन अशी होती आणि मोळी पंधरवड्यावर. पाडव्याच्या दुपारी साईट इनचार्जचा फोन. टर्बाइनच्या ऑइल कूलरला कूलिंग वॉटरची लाइन जोडायला घेतली तर बोल्ट जात नाहीत. मी म्हटलं होल जरा मोठी करा. तो म्हणाला, "मॅडम, फ्लँजच वेगळी आहे."

फ्लँज म्हणजे पाइपाच्या तोंडाची, बोल्टांची होलं असलेली गोल चकती. ४ इंची लाइन. आमची सगळी लाइन ए.एस.ए. १५०, अमेरिकन मापाची. कूलरच्या फ्लँजा निघाल्या डिन, पी.एन. १६, जर्मन मापाच्या. दोन्हीला आठच होल. शेजारी ठेवल्या तरी लांबून बहिणीबहिणी. पण एकीच्या होलांचं वर्तुळ १९०.५ मिलिमीटरचं आणि दुसरीचं १८०. साडेदहा मिलिमीटरचा फरक, होल वाढवून तो जात नाही. दोन कूलर, प्रत्येकाला पाणी आत आणि बाहेर, म्हणजे चार जागा. कूलरला पाणी नाही तर ऑइल थंड होणार नाही, ऑइल थंड नाही तर टर्बाइन फिरवायचं नाही, आणि टर्बाइनवाल्यांचा इंजिनिअर साईटवर फक्त ५ तारखेपर्यंत, तिथून तो थेट दुसऱ्या राज्यात जाणार.

मी घरी लॅपटॉप उघडून टर्बाइनचं लेटर ऑफ इंटेंट काढलं. फोडणीचा वास येत होता, पाडव्याचं जेवण चाललं होतं. पान ६. फ्लँजेसच्या पुढे मॅन्युफॅक्चरर्स स्टँडर्ड, म्हणजे बनवणाऱ्याचं जे माप असेल ते. माझेच शब्द. फेब्रुवारीत, ड्रॉइंग १० दिवस लवकर यावं म्हणून. नंतर ड्रॉइंग आलं तेव्हा डिझाइनने फाउंडेशन बघितलं, नोझलची जागा बघितली, फ्लँजच्या कोपऱ्यातली बारीक नोट कोणी बघितली नाही, आणि ती बघा असं सांगायचं काम ज्या बाईला तिथे काहीतरी गोलमाल लिहिलंय हे माहीत होतं तिचं होतं.

बाजार बंद. पुण्यात सात-आठ ठिकाणी फोन लावले, कुणी गावाला, कुणी "ताई, भाऊबीज झाली की". वर्कशॉपची माणसं आपापल्या गावी. मला एकच नंबर आठवत होता आणि तो लावायची हिंमत होत नव्हती. शेवटी लावला.

काकांनी दोन प्रश्न विचारले. प्रेशर किती, आणि कधी पाहिजे. ३ किलो, आणि उद्या. म्हणाले प्लेटमधून कापून देतो, पाण्याच्या लाइनला काही हरकत नाही, या.

शेडला कुलूप काढून एकटेच थांबले होते. पोरं सगळी गेलेली. दाराला झेंडूचं तोरण, लेथवर हळदीकुंकू, खंडेनवमीचं सुकलेलं आणि त्यावर लक्ष्मीपूजनाचं ताजं. मागे जाऊन त्यांनी ताडपत्री उचलली, मी टॉर्च धरला होता, आत आमचे सपोर्ट, रंगावर कडुनिंबाची पानं चिकटलेली. त्याच्या बाजूला उरलेल्या कापाचे तुकडे होते, २५ एमएमचे. त्यातले चार निवडले. "ही तुमचीच प्लेट आहे," म्हणाले, "गेल्या वर्षीची." टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

गॅसने गोल कापले, गार होईपर्यंत आम्ही काकूंनी पाठवलेला चिवडा खाल्ला. मग लेथवर एकेक चढवून तोंड मारलं, २० एमएमपर्यंत आणलं, बाहेरून २२०. लेथच्या त्या निळसर चिंधोट्या, वळत वळत पडणाऱ्या, पायाखाली येऊ नयेत म्हणून मी ब्रशने ओढत होते. मग मार्किंग. काकांनी प्लेटवर खडू घासला, कंपास ९० ला उघडून स्टीलच्या पट्टीवर धरला, चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत धरला, आणि वर्तुळ मारलं. त्याचे आठ भाग. प्रत्येक खुणेवर पंच आणि हातोडी, एकदाच, टक. मी आयुष्यात फ्लँजा टनावारी घेतल्यात, ३२ होलांच्या त्या ३२ टका कधी ऐकल्या नव्हत्या. ड्रिलवर १८ चा बिट, साबणाचं पाणी मी ओतत होते डब्याने, ते म्हणायचे आता, की ओतायचं. पहाटे सव्वाचारला चौथी झाली. चारही एकावर एक ठेवून त्यांनी प्रत्येक होलातून एक बोल्ट खाली सोडला. आठही सरळ खाली.

डिकीत गोणपाटावर ठेवल्या. निघताना काकांनी चलन बुकातून हाताने चलन फाडलं, चार नग फ्लँज, कंपनीचं नाव, गाडी नंबर. रेटची जागा मोकळी. मी विचारलं किती लावू काका, तर म्हणाले, "तुम्ही टाका ताई. तुम्हाला माहितीच असतं काय भाव बसतो ते."

पाटसला उजाडलं, भिगवणला चहा घेतला, दहाच्या आत साईटवर. जुन्या फ्लँजा कापून नव्या वेल्ड केल्या, दुपारपर्यंत पाणी फिरलं. माझा भाऊ भाऊबीजेला साताऱ्याहून येऊन माझ्या घरी संध्याकाळपर्यंत बसून होता, त्याला मी सात वाजता डोळे मिटत मिटत ओवाळलं. मोळी ठरल्या दिवशी पडली. पेपरात फोटो आला, चेअरमन साहेब, कार्यकारी संचालक, गव्हाणीला फुलांच्या माळा.

दिवाळीनंतर ऑफिस उघडलं त्या दिवशी सकाळी मी पहिल्यांदा काकांच्या अडकलेल्या मालाची फाइल घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले आणि चांगली तासभर उठले नाही. निम्मे पैसे सुटले, दोन हप्त्यांत. निम्मे अजून क्लायंटच्या नावाने आहेत. सपोर्ट अजून तिथेच.

मग जागेवर येऊन ते चार फ्लँजांचं चलन समोर ठेवलं. रेटच्या रकान्यात आकडा टाकला, खोडला, परत टाकला. मला खरंच भाव बसवता येईना. तयार डिन फ्लँज बाजारात काय किमतीला मिळते ते मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. शेवटी जो टाकला तो बाजारभावाच्या सहापट होता, आणि तो बघून मला वाटलं कमीच झाला.

सिस्टिममध्ये पीओ सेव्ह होईना. लाल अक्षरात आलं, तीन कोटेशन्स जोडा. नसतील तर कारण निवडा. खाली यादी उघडली: रिपीट ऑर्डर, क्लायंटने ठरवलेला व्हेंडर, इमर्जन्सी, प्रोप्रायटरी आयटम - इतरत्र उपलब्ध नाही. इमर्जन्सीवर कर्सर नेला होता. ऑडिटवाल्यांना तेच चाललं असतं, कुणी विचारलं पण नसतं. मी शेवटचं निवडलं. गेल्या महिन्यात ऑडिटची क्वेरी आलीय, साध्या प्लेटमधून कापलेली चार इंची फ्लँज प्रोप्रायटरी कशी. उत्तर अजून लिहिलेलं नाही.